गोळ्याला इंग्रजीत काय म्हणतात

आमच्या घरात रिकाम्या हातानं इंग्रजी शिकता येत नसे. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तो नियमच होता. शब्द घ्यायचा तर आधी ती वस्तू हातात घ्यायची, निदान तिच्यापाशी जाऊन उभं राहायचं. नाना मांडवी बंदरावर आगबोटीच्या मालाच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांची स्वतःची इंग्रजी शाळेत थोडी, धक्क्यावर जास्त झालेली. काथ्याची वेटोळी, आंब्याच्या पेट्या, मिठाची पोती, कौलांच्या चळती असा सगळा माल त्यांच्या डोळ्यांसमोर पडावात, म्हणजे मालाच्या होडीत, चढे आणि उतरे. साहेबाच्या भाषेत यातल्या प्रत्येक गठ्ठ्याला निराळं नाव आहे याचं त्यांना फार अप्रूप वाटे. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन ते पडवीत बसत. आत चुलीवर कुळथाचं पिठलं रटरटत असे आणि बाहेर आमची शिकवणी सुरू होई. मला अजूनही काही इंग्रजी शब्द ऐकले की आधी लसणीच्या फोडणीचा वास येतो आणि अर्थ मागून येतो.

मी तेव्हा इंग्रजी तिसरीत होते. वर्गात मुली मोजक्याच, भिंतीकडेच्या एका बाकावर मावणाऱ्या. मास्तरांनी एकदा ढीग, जुडगे आणि गोळे यांचे शब्द फळ्यावर लिहून दिले आणि घोकून आणायला सांगितले. अ बंच ऑफ कीज, अ हीप ऑफ स्टोन्स, अ क्लम्प ऑफ ट्रीज, अ क्लस्टर ऑफ स्टार्स, अ लम्प ऑफ शुगर. मुलगे मोठमोठ्यानं घोकायला लागले. मी हात वर करून विचारलं, "सर, साखर तर भुरभुरीत असते, तिचा लम्प कसा होईल?" मास्तर म्हणाले, "पुस्तकात होतो, तेवढं पुरे." मला ते पुरलं नाही. घरी येऊन मी ती यादी नानांना म्हणून दाखवली. ते आनंदानं उठलेच. "चल परसात," म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही अंधार पडेपर्यंत परसात फिरत होतो. गड्यानं नुकत्याच उतरवलेल्या शेणाच्या गोवऱ्यांचा हीप झाला. कुंपणाकडच्या बांबूच्या बेटाचा क्लम्प झाला. पायाखालचं वाळलेलं ढेकूळ नानांनी मला उचलायला लावलं आणि म्हणाले, "हा क्लॉड. मातीचाच असतो. गुळाचा क्लॉड म्हणालीस तर साहेब हसेल." गुळाच्या ढेपेतून आईनं काढून ठेवलेला खडा मात्र लम्प. आंब्याच्या एका डहाळीला लगडलेल्या कैऱ्या क्लस्टर. केळीपाशी आल्यावर गाडी अडली. सबंध लोंगर म्हणजे बंच, हे ठीक. मग लोंगरातली एकेक फणी कोण? नानांनी पुष्कळ विचार केला आणि शेवटी निकाल दिला, "त्यांच्याकडे केळी होत नाहीत गो. त्यामुळे त्यांना शब्द कमी पडलाय." मला ते इतकं पटलं की पुढे कितीतरी वर्षं मी इंग्रजांकडे जरा दयेनंच बघत असे. फणीला त्यांच्यात हँड, म्हणजे हात, म्हणतात, हे मला नाना गेल्यानंतर कळलं. त्यांना सांगितलं असतं तर ते किती खूश झाले असते!

यातला एक शब्द मात्र मी रक्त सांडून मिळवला. खडकावर कालवं काढायला बायका बसत, तिथे मी उगाच पाय घालायला गेले आणि शिंपल्याच्या धारेनं टाच चिरली. घरी येईपर्यंत जखमेवर काळपट लाल थर धरला होता. आई हळद घेऊन धावली. नानांनी माझा पाय मांडीवर घेतला, हळद दाबून भरली आणि मी रडत असतानाच म्हणाले, "हे बघ, याला क्लॉट म्हणतात. लम्प कशाचाही होतो. क्लॉट फक्त पातळ पदार्थ थिजला की होतो. रक्ताची गुठळी ती क्लॉट." आई म्हणाली, "अहो, पोरगी ओरडत्ये आणि तुम्ही शाळा काय भरवताय?" पण रडता रडता मी तो शब्द म्हटला, आणि तो असा बसला की आजतागायत हललेला नाही.

आईचं या इंग्रजीशी पटत नव्हतं. ती रागीट नव्हती, पण तिच्या मनात गोष्टी ठाम असत. तांदळाची उकड ढवळताना ती मला जवळ बसवून घेई. घट्ट होत आलेल्या पिठात तिचा लाकडी डाव असा फिरे की एक कण तळाला लागत नसे. "पिठात गुठळी होता कामा नये एवढं मला कळतं," ती म्हणे. "तिला इंग्रजीत काय म्हणतात ते कळून माझी उकड जास्त मऊ होणार नाही." यावर नाना आणखी उकड वाढून घेत, कारण ती खरोखरच फार मऊ असे. त्या वर्षी माझ्यासाठी वेळणेश्वरचं एक स्थळ बोलण्यात होतं. घर चांगलं होतं, माडाची बाग होती, मुलगा मुंबईत कापडाच्या दुकानात लागलेला होता. आईनं मनाशी ठरवून टाकलं होतं आणि एकदा मला वेणी घालताना तिनं ते सांगूनही टाकलं, "ताईचं बाळंतपण एकदा नीट पार पडू दे. मग तुझी शाळा पुरे झाली हो, सुमे." मी नानांकडे गेले. नाना म्हणाले, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता. घरातल्या असल्या बाबतीत आईपुढे त्यांचं फारसं चालत नसे.

ताई माझी मोठी बहीण. तिला पावसला दिली होती आणि ती पहिलटकरीण म्हणून आमच्याकडे आली होती. ती आली आणि घराचा आवाजच बदलला. ती चालताना पैंजणं वाजत, हसली की शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाई. तिला काय हवं नको ते बघण्यात सगळं घर गुंतलं. कोणी ओल्या काजूंची उसळ पाठवी, कोणी फणसाची साटं. ताईला मऊभात आणि त्यावर आमसुलाचं सार लागे, तेही दिवसातून केव्हाही. दुपारी आई जरा लवंडली की ताई मला हाक मारी आणि म्हणे, "सांग बघू तुझे ते ढिगाचे शब्द." मी सांगे. ती आपल्या पोटावर हात ठेवून विचारी, "आणि याला काय म्हणायचं? हीप?" आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसत असू. मला तिच्यावाचून करमत नसे हे आता लिहिताना किती सोपं वाटतं. तेव्हा ते मला माहीतसुद्धा नव्हतं.

ताई सकाळी मोकळी झाली. मुलगी झाली. भागाबाई सुईण आमच्या घरची जुनी. आम्ही दोघी बहिणी तिच्याच हातावर जन्मलेल्या. तिनं बाळ न्हाऊ घातलं, वार, म्हणजे बाळामागून पडते ती, रीतीप्रमाणे माडाच्या मुळाशी पुरून टाकली, गूळ-खोबरं तोंडात टाकलं आणि सगळं ठीक झालं असं आम्हाला वाटलं. मी शाळेत गेले नव्हते. पडवीत बसून मी बाळाच्या रडण्याचा आवाज ऐकत होते आणि मनात त्याला नाव शोधत होते. मग मला दिसलं की आई बाळंतिणीच्या खोलीतून धुण्याची गाठोडी घेऊन पुन्हा पुन्हा बाहेर येते आहे आणि तिचं तोंड प्रत्येक खेपेला आणखी उतरलेलं आहे. दुपार झाली तरी रक्त थांबत नव्हतं. मी दारातून डोकावले. ताई बाजेवर पडली होती आणि तिचे ओठ कण्हेरीच्या पांढऱ्या फुलासारखे झाले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण हसली नाही.

नाना कचेरीतून बोलावून आणले गेले आणि उन्हातच डॉक्टरणीकडे धावले. ती गोरी बाई गावात नवीनच आली होती. लोक तिला मडम म्हणत. चेहरा उन्हानं लाल झालेला, पायात पुरुषी बूट. तिच्याबरोबर एक आपल्याकडची नर्स असे आणि तीच बायकांशी बोले. पण ती नर्स भावाच्या लग्नाला जयगडला गेली होती, त्यामुळे मडम एकटीच आली, पिशवी स्वतःच्या हातात घेऊन, नानांच्याही पुढे चालत. तिला मराठी येत होती, पण पुस्तकातली. "वेदना कोठे आहे? रक्त केव्हापासून वाहत आहे?" असं ती विचारी आणि समोरची बाई घाबरून गप्प बसे.

खोलीत तिनं ताईचं पोट दाबून पाहिलं आणि भागाबाईला काहीतरी विचारलं. भागाबाई भराभर बोलू लागली. त्या बोलण्यातला एकच शब्द मडमेच्या ओळखीचा होता, गोळा. "गोळा ऱ्हायलाय आत," भागाबाई सांगत होती. मडमेला मराठी शिकवणाऱ्या मुन्शीनं शिकवलं होतं की गोळा म्हणजे बॉल. बाळ झाल्यावर बाळंतिणीचं पोट आतून चेंडूसारखं घट्ट व्हावं लागतं, तसं झालं की रक्त थांबतं. तेव्हा सुईण म्हणते आहे की आत घट्ट गोळा आहे, असा तिचा समज झाला. आणि तिच्या हाताखाली तर पोट मऊ लागत होतं. हे सगळं तिनं मला मागाहून उलगडून सांगितलं. त्या वेळी आम्हाला बाहेर एवढंच ऐकू आलं की दोघी तेच तेच बोलतायत आणि दोघींचाही आवाज चढतो आहे.

नानांनी बाहेरून इंग्रजीत विचारलं, काय हवं आहे? मडमेनं आतून सांगितलं, सुईण काय म्हणते ते मला समजावून द्या. नाना दाराशी गेले आणि आतल्या बायका एकदम मुक्या झाल्या. भागाबाईनं पदर कपाळावर ओढून घेतला. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. असल्या गोष्टी पुरुषासमोर, तेही घरच्या यजमानासमोर, बोलायच्या कशा? नानांचीही मान खाली गेली. ते दोन पावलं मागे आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुमे, तू जा आत."

"अहो, कुमारी पोर ती!" आई आतून म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत पाऊल घालायचं नाही तिनं."

"मग तू सांग मडमेला," नाना म्हणाले. ते आईशी कधी असं बोलत नसत.

मी उंबरा ओलांडला.

आत शेगडीचा धूर आणि ओव्याचा वास कोंडला होता. मडमेनं माझ्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, "तुला माझी भाषा येते?" मी म्हटलं, "हो." एवढ्या जोरात म्हटलं की मीच दचकले. ती म्हणाली, "हिला विचार, आत लम्प आहे की क्लॉट्स आहेत?"

मला दोन्ही शब्द ठाऊक होते. मी भागाबाईकडे वळले. "भागाबाई, तुम्ही गोळा म्हणताय तो रक्ताच्या गुठळीचा?"

"नाय गो बाय," ती म्हणाली. मुलीला सांगायला तिला लाज वाटली नाही. "गुठळ्या पडल्या त्या पडल्या, ओंजळभर पडल्या. मी सांगतंय ता येगळा हाय. वार सगळी नाय आली. पुरताना तुटकी दिसली व्हती, वाटलं आपसूक पडंल. तिचा लचका आत चिकटून ऱ्हायलाय."

मी मडमेला सांगितलं, क्लॉट्स बाहेर आले, पुष्कळ आले. आत आहे ते क्लॉट नाही. मग पुढे माझी जीभ थांबली. वारेला इंग्रजीत काय म्हणतात? लचक्याला काय म्हणतात? परसातल्या सगळ्या ढिगांत आणि घोसांत हे दोन शब्द कुठेच नव्हते. मडम वाट बघत होती. ताईचा हात बाजेवरून खाली लोंबत होता आणि त्या हाताकडे बघून मला वाटलं की मी इथे उभी राहून शब्द शोधत बसले तर फार उशीर होईल. मी तशीच स्वयंपाकघरात धावले. टोपलीत केळीच्या पानाखाली सकाळची घावनं, तांदळाची धिरडी, झाकलेली होती. त्यातलं एक उचलून आणलं आणि मडमेसमोर दोन्ही हातांवर धरलं. "बाळ आलं," मी इंग्रजीत म्हटलं, "मग हे आलं." तिचे डोळे एकदम मोठे झाले. "आफ्टरबर्थ," ती म्हणाली. आफ्टर म्हणजे नंतर, बर्थ म्हणजे जन्म, हे मला येत होतं. मी जोरजोरानं मान हलवली आणि घावनाच्या कडेचा एक तुकडा फाडला. "हे सगळं आलं," मी म्हटलं, "हा तुकडा आला नाही."

"येवढा नाय," भागाबाई मध्येच म्हणाली. तिनं माझ्या हातातून घावन घेतलं, मी फाडलेल्या जागेच्या पलीकडे बोट ठेवलं आणि तिथून बोराएवढा तुकडा तोडून मडमेच्या तळव्यावर ठेवला. "हितला. आन् येवढा."

मडमेनं भागाबाईच्या दंडावर हात ठेवला आणि "गुड, गुड," म्हणाली. भागाबाईला त्याचं भाषांतर लागलं नाही. मग मडम माझ्याकडे वळून सांगू लागली आणि मी मराठीत सांगत गेले. पाणी उकळलेलं हवं. साबण हवा. खिडकी उघडा. भागाबाईनं पोट वरून असं दाबून धरायचं. आई माझ्या सांगण्यावर धावत होती, पाणी आण म्हटलं की पाणी आणत होती. ते मला तेव्हा लक्षातही आलं नाही. मडमेनं सुई टोचली, कोपरापर्यंत हात घासघासून धुतले आणि मला म्हणाली, "आता तू बाहेर जा. तुझं काम झालं."

आईनं बाळ माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. मी मागच्या पडवीत बसले. ताईची एक किंकाळी ऐकू आली. मग दुसरी. नाना माडाच्या बुंध्याला टेकून उभे होते, त्यांनी कानांवर हात ठेवले. मी ठेवू शकत नव्हते, माझ्या हातात बाळ होतं. ते एवढंसं, गरम, मुठी आवळून झोपलेलं. मी त्याच्या कानाशी लागून मला येत होतं ते सगळं पुटपुटत राहिले, शुभंकरोती, मग पाढे, मग इंग्रजी शब्दसुद्धा. आत शांत झालं. ती शांतता मला सगळ्यात वाईट वाटली.

दार उघडून मडम बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. ती नानांशी बोलली नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि आपल्या त्या पुस्तकी मराठीत, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "तुझी भगिनी जगेल." भगिनी हा शब्द आमच्या घरात तोवर कोणी उच्चारला नव्हता. मी मोठ्यानं रडायला लागले आणि त्याबरोबर बाळही जागं होऊन रडायला लागलं.

ताईला उभं राहायला फार दिवस लागले. मध्ये ताप आला, तोही उतरला. मडम रोज येई. ताईला ताकद यावी म्हणून काय खायचं ते ती मला सांगे, आणि आई ते माझ्याकडून दोनदा वदवून घेई. त्या दिवसांत आमच्या घरी घावनं मात्र कोणी केली नाहीत आणि कोणी मागितलीही नाहीत. ताईची ती मुलगी आज स्वतः आजी आहे. तिला हा सगळा प्रकार सांगितला की ती म्हणते, "मावशी, पुरे, मला जेवायचंय."

बारसं झाल्यावर मडम एकदा शेवटची म्हणून येऊन गेली. जाताना पडवीत उभी राहून तिनं नानांना इंग्रजीत विचारलं, तुमची मुलगी शनिवारी दुपारी माझ्या दवाखान्यात येईल का? बायका सांगतात ते मला नीट कळत नाही. नर्स आहे, पण ती एकटी सगळीकडे पुरत नाही. नाना घुटमळले. "घरात विचारून सांगतो," असं काहीतरी म्हणू लागले आणि त्यांनी सवयीनं आईकडे पाहिलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. इंग्रजी तिला येत नव्हती. तिनं मला विचारलं, "काय म्हणत्ये ती?"

मी सांगितलं.

आई थोडा वेळ मडमेच्या बुटांकडे बघत राहिली. मग नानांकडे न पाहता मला म्हणाली, "सांग तिला, येईल. पण शाळा बुडवून नाही येणार. शाळा सुटल्यावर येईल."

नानांनी आपला चष्मा काढून उपरण्यानं पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत बसले. वेळणेश्वरच्या मंडळींना आईनंच निरोप धाडला की मुलगी शिकते आहे, एवढ्यात विचार नाही. त्यांना काय वाटलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

पहिल्या शनिवारी आई माझ्याबरोबर आली. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ती माझ्यापुढे चालत होती, बाजारपेठेतून, ओळखीच्या लोकांसमोरून, मान ताठ ठेवून. दवाखान्याच्या ओसरीवर खेड्यांतून आलेल्या बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. आई त्यांच्यात जाऊन बसली. मला मडमेनं आत बोलावलं. आत एक म्हातारी पोट धरून कण्हत होती. मी तिला कुठे दुखतं ते विचारू लागले, तिचं सगळं ऐकून घेऊ लागले आणि मडमेला सांगू लागले. बाहेर आईच्या शेजारची बाई कोणाला तरी विचारत होती, आत एवढं फडाफड कोण बोलतंय गो, मडमेची मुलगी की काय?

दार उघडंच होतं. आईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "छे हो," ती म्हणाली, "माझी."